दोन घरचा पाहुणा आणि खानेसुमारी

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या दोन घरांत अन्न नसते अशातला भाग नाही. पाहुणा दुसऱ्या घरी जेवला असेल असे प्रत्येक घर धरून चालते, म्हणून तो उपाशी राहतो. आंतरजातीय विवाहातून जन्मलेल्या मुलामुलींची आपल्या समाजात काहीशी अशीच गत असते. एरवी ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. सरकारी कागदावरच्या एका अरुंद रकान्यापाशी आली की मात्र ती उघडी पडते.

हा विषय आजच घेण्याचे कारण उघड आहे. आपल्या देशात 1881 पासून दर दहा वर्षांनी नेमाने होणारी खानेसुमारी 2021 साली झाली नाही. आता 1 मार्च 2027 हा संदर्भदिन धरून ती होणार आहे, आणि तीत प्रत्येकाच्या जातीची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 30 एप्रिल 2025 रोजी जाहीर केला. सर्व जातींची मोजणी होऊन तिचे आकडे प्रसिद्ध झाले ते शेवटचे 1931 साली. 1951 पासून फक्त अनुसूचित जाती व जमाती यांचीच नोंद होत असे. म्हणजे तब्बल शहाण्णव वर्षांनी गणक आपल्या दारात येऊन विचारणार, ‘तुमची जात कोणती ?’ बहुतेकांना या प्रश्नाचे उत्तर देण्यास क्षणही लागणार नाही. मला लागेल. माझे वडील पेण तालुक्यातल्या खारेपाटातले आगरी. आई रोहे तालुक्यातली, नागोठण्याकडची, बौद्ध.

माझ्यासारख्यांची संख्या फार आहे असे नाही. देशात शंभर विवाहांमागे सुमारे पाचच विवाह जातीबाहेर होतात असे पाहण्यांतून दिसते. परंतु प्रश्न किती जणांचा आहे यावरून तो खरा की खोटा हे ठरत नाही. आणि आपल्या वर्गातही, मागच्या बाकांवर का होईना, आम्ही दोघे-तिघे आहोतच.

लहानपणी मला ही अडचण कधीच जाणवली नाही. खारेपाटात आजीकडे लग्न असले की धवलारिणी येत, हळदीपासून त्यांचे धवले सुरू होत, आणि मी आजीच्या मांडीला मांडी लावून बसत असे. एप्रिलची 14 तारीख आली की आम्ही नागोठण्याच्या घरी. तिथे मामाच्या खांद्यावर बसून मिरवणूक पाहायची. 20 मार्चला मामा महाडला चवदार तळ्यावर घेऊन जात. दोन्हीकडे मी घरचीच होते. अडचण सुरू झाली ती फॉर्म भरण्याच्या वयात. बारावीनंतर एका कार्यालयात अर्ज भरताना मी जातीच्या रकान्यात दोन शब्द लिहिले. खिडकीपलीकडच्या बाई अगदी सौजन्याने म्हणाल्या, ‘‘बाळ, वडिलांची तेवढी लिही. आईची कोण विचारतो ?’’ त्यांनी स्वतःच एक शब्द खोडून दिला. बाईंच्या मनात काही वाईट नव्हते. त्या नियमच सांगत होत्या. परंतु ‘आईची कोण विचारतो’ हे तीन शब्द गेली काही वर्षे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

वस्तुतः खानेसुमारी आईची विचारते ! हे पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून जरा सविस्तर सांगते. 2011 च्या खानेसुमारीत मातृभाषेचा रकाना होता. गणकांना दिलेल्या सूचनेप्रमाणे मातृभाषा म्हणजे बालपणी आई ज्या भाषेत त्या व्यक्तीशी बोलली ती भाषा. आई तान्हेपणीच वारली असेल तरच घरात मुख्यत्वे बोलली जाणारी भाषा धरायची. शिवाय मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा लिहिण्याची सोय त्याच फॉर्मवर होती. म्हणजे भाषेच्या बाबतीत सरकार असे मानते, की ती आईकडून येते आणि एका माणसाजवळ तीन असू शकतात. जातीच्या बाबतीत मात्र ती बापाकडून येते आणि एकच असू शकते, असा आपला सर्वांचा समज. भाषा आईची, जात बापाची. आणि ही वाटणी कोणी केली, कधी केली, याचा जाब कोणीच विचारत नाही.

आता कोणी म्हणेल, हा आजकालच्या शिकलेल्या पोरींचा नसता उपद्व्याप आहे. आपल्या मुलखात असले प्रश्न पूर्वी नव्हते. हे मात्र साफ चूक आहे. मिश्र रक्ताच्या माणसाने स्वतःला काय म्हणवावे हा प्रश्न आपल्या पेण-रोह्याच्या मातीत शेकडो वर्षे मुरलेला आहे, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आपले बेने इस्रायल.

नव्या विद्यार्थ्यांना कदाचित माहीत नसेल, पण पेणमध्ये 1863 सालचे एक सिनॅगॉग आहे. अलिबागला इस्रायल आळी आहे. रेवदंडा, पनवेल येथेही त्यांची प्रार्थनामंदिरे आहेत. आडनावे पाहावीत तर पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, दिवेकर. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहे आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी; या दोन्ही गावांची नावे लावणारी माणसे आज इस्रायलमध्ये राहतात, आणि त्यांच्यातले जुने लोक अजून मराठीत बोलतात. त्यांची परंपरा असे सांगते, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ते इथल्या गावांत पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, साडी नेसू लागले. पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. नाव गावाने दिले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपण कोण हे ठरवण्याचा अधिकार पहिल्या प्रथम शेजाऱ्यांनीच बजावला.

यापुढची हकीकत फारशी कोणी सांगत नाही. या लहानशा समाजातच दोन थर होते: ‘गोरे’ आणि ‘काळे’. कातडीच्या रंगाशी त्याचा संबंध नव्हता. आईबाप दोघेही बेने इस्रायल असतील तो गोरा. बाप बेने इस्रायल पण आई इथली, दुसऱ्या जातीची, तिची मुले काळी. गोऱ्यांनी काळ्यांशी सोयरीक करायची नाही, असा कडक दंडक होता. देव एक, शनिवार एक, मलिद्याच्या ताटातले पोहे-गूळ-खोबरे एक, पण मुलगी द्यायची वेळ आली की आईची जात आडवी. आपल्या कोकणातल्या चालीरीतींची ही लागण म्हणावी तर ज्यू धर्मशास्त्रही तिला अनुकूलच होते, कारण त्यात ज्यूपण आईकडून येते. आमच्याकडे बापाची जात विचारतात, त्यांच्याकडे आईची. मधल्या मध्ये मूल लटकते ते दोन्हीकडे सारखेच.

गंमत अशी, की ज्यांनी घरात हा भेद पाळला त्यांच्यावरच पुढे तो उलटला. 1948 नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथे 1962 साली मुख्य रब्बींनी आदेश काढला, की बेने इस्रायल व्यक्तीचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. आजीपणजीपर्यंत मागे जाऊन ‘शुद्धता’ पाहायची ! कोकणातून गेलेल्या या माणसांनी निदर्शने केली, धरणी धरली, आणि अखेर ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचे ठरावाने मान्य केले. पेणचा माणूस पूर्ण आहे की नाही हे जेरुसलेममध्ये मतदानाने ठरले. या ठरावात गोरे आणि काळे असे दोन वर्ग नव्हते.

आणि विज्ञानाने काय सांगितले ? 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय संशोधनात असे आढळले, की बेने इस्रायल समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा मोठा वाटा आहे. हा संकर सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचा असून त्यात ज्यू बाजू प्रामुख्याने पुरुषांची आणि भारतीय बाजू प्रामुख्याने स्त्रियांची आहे. म्हणजे ज्या कारणासाठी काळ्यांना वेगळे बसवले, ते कारण गोऱ्यांच्याही मुळाशी होते. फरक इतकाच, की गोऱ्यांच्या त्या पणज्या विस्मरणात गेल्या होत्या आणि काळ्यांच्या आया अजून जिवंत होत्या, त्या कोणत्या आळीतल्या हे गावाला ठाऊक होते. मला वाटते, जगातली पुष्कळशी ‘शुद्ध’ घराणी अशीच, विस्मरणाच्या जोरावर शुद्ध असतात.

खानेसुमारीने या समाजाला कसे मोजले ? स्वातंत्र्यानंतरच्या गणनांत धर्माच्या रकान्यात ‘ज्यू’ एवढीच नोंद. 2011 साली देशात 4,650 आणि महाराष्ट्रात 2,466. त्यात पेणचा कोण, गोरा कोण, काळा कोण, काही कळत नाही. एका परीने सरकारी रकान्याने काळ्यांवर उपकारच केला; जे समाजाने नाकारले ते कागदाने दिले. रकाना हा नेहमी शत्रूच असतो असे म्हणणे म्हणूनच मला पटत नाही.

आपल्याच जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. तिथे किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारी कॅथॉलिक मंडळी आजही घरात एक पोर्तुगीज-मराठी वळणाची मिश्र भाषा बोलतात. तिला ती ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. चौलहून पोर्तुगीज 1740 साली गेले, पण त्यांचे शिपाई आणि इथल्या बायका यांच्या संसारातून उपजलेली बोली मागे राहिली. बाजारात मराठी, चुलीपाशी नो लिंग. या माणसांना एका शब्दात काय म्हणाल ?

याच्या उलट उदाहरण अँग्लो-इंडियनांचे. मिश्र वंशाच्या लोकांना आपल्या राज्यघटनेने दिलेली ही एकमेव व्याख्या. कलम 366 मध्ये म्हटले आहे, की ज्याचा बाप किंवा बापाकडचा एखादा पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा तो अँग्लो-इंडियन. पुन्हा बापच ! आई युरोपीय आणि बाप भारतीय असेल तर व्याख्या लागू नाही. या समाजाला लोकसभेत दोन नियुक्त जागा होत्या. डिसेंबर 2019 मध्ये त्या बंद करण्याचे विधेयक आले तेव्हा कायदामंत्र्यांनी सांगितले, की 2011 च्या गणनेनुसार देशात अँग्लो-इंडियन फक्त 296 आहेत. एकशे एकवीस कोटींत 296 ! समाजाच्या प्रतिनिधींनी हा आकडा हास्यास्पद ठरवला, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. ज्या फॉर्मवर त्यांच्यासाठी वेगळा रकानाच नव्हता, त्या फॉर्ममधून त्यांची खरी संख्या निघणार कुठून? जागा मात्र जानेवारी 2020 मध्ये गेल्या. रकाना नसला की माणूस नसतो, आणि माणूस नसला की हक्क नसतो, असे हे गणित आहे.

तेव्हा रकान्यात काय लिहावे ही नुसती भावनेची बाब नव्हे. याचा सगळ्यात मोठा पुरावा महाराष्ट्रात 1961 साली मिळाला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी धर्मांतर केले. 1951 च्या गणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. 1961 च्या गणनेत ते झाले सुमारे 27 लाख 90 हजार. इतक्या माणसांनी एकाच वेळी गणकाला आपले नवे नाव सांगितल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. आणि हे नाव फुकट नव्हते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे बौद्ध झालेल्याला अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळत नव्हत्या. त्या मिळण्यास 1990 साल उजाडावे लागले. ज्याने 1961 साली ‘बौद्ध’ लिहवले त्याने मुलाची केंद्र सरकारी नोकरीतली राखीव जागा त्या शब्दावर ओवाळून टाकली होती.

माझ्या आईचे आजोबा त्यांच्यापैकी एक. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ शेजारच्याच घरात राहत, दीक्षा त्यांनीही घेतली होती, पण त्यांनी ‘हिंदू महार’ लिहवले, कारण त्यांचा मुलगा रेल्वेत लागण्याच्या बेतात होता. दोघा भावांत यावरून अबोला वगैरे झाला नाही. आई सांगते, थोरले म्हणत, ‘‘त्याने पोराचं पाहिलं, मी नातवंडांचं.’’ या दोघांपैकी कोणाचे बरोबर हे ठरवण्याचा आव मी आणणार नाही. दोघांनीही विचार करून लिहवले, आणि दोघांनाही लिहिण्याची मोकळीक होती, हे मला महत्त्वाचे वाटते.

परदेशात काय चालते हेही थोडे पाहू. अमेरिकेत माणसाचा वंश विचारतात. 1920 ते 1940 या काळात तिथल्या गणनेत ‘हिंदू’ नावाचा एक वंशच होता आणि त्यात शीख व मुसलमान भारतीयही कोंबलेले असत. तेव्हा आपल्याकडच्या घोटाळ्यांना एकट्यानेच लाजण्याचे कारण नाही. 2000 सालापासून तिथे एकाहून अधिक वंशांवर खूण करण्याची मुभा मिळाली. पहिल्याच गणनेत 68 लाख लोकांनी ती वापरली. 2010 साली 90 लाखांनी. 2020 साली 3 कोटी 38 लाखांनी. शेवटच्या उडीत मोजण्याच्या बदललेल्या पद्धतीचा हात आहे हे खरे, पण मुभा मिळताच माणसे पुढे आली हेही खरे. आणि मुभा असूनही ती न वापरणारे होतेच. बराक ओबामांची आई गोरी, बाप केनियाचा. राष्ट्राध्यक्ष असताना 2010 च्या फॉर्मवर त्यांनी एकच खूण केली, कृष्णवर्णीयाची. पुष्कळांनी त्यांना आईला विसरल्याचा दोष दिला. मला तो दोष अन्यायाचा वाटतो. रस्त्यावरून चालताना लोक ज्या नजरेने पाहतात तीही माणसाची ओळख घडवते. आपल्याकडे हीच गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली आहे.

तो निकाल 18 जानेवारी 2012 चा. गुजरातमधले प्रकरण होते: आई आदिवासी, बाप वरच्या जातीचा, मुलाने आईच्या जमातीचे प्रमाणपत्र घेतलेले आणि ते रद्द झालेले. न्यायालयाने सांगितले, की अशा विवाहात मूल बापाच्या जातीचे असे प्रथमदर्शनी धरता येईल, पण ते अंतिम नव्हे. मूल आईच्या समाजात वाढले, त्या समाजाची अवहेलना व अडचणी त्याच्या वाट्याला आल्या, त्या समाजाने त्याला आपले मानले, हे दाखवता आले तर ते आईच्या बाजूचे ठरू शकते. निकाल चांगला आहे. तरी त्यातली मेख पाहा: आईची जात मिळण्यासाठी अपमानाचा पुरावा द्यावा लागतो, बापाची जात मिळण्यासाठी काहीच द्यावे लागत नाही. शिवाय इथेही ‘किंवा’च आहे; ‘आणि’ नाही.

माझा धाकटा भाऊ या चर्चेला कंटाळला आहे. त्याच्याजवळ इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र आहे, तो भरतीची तयारी करतो आहे, आणि गणकाला भलतेच काही सांगितल्याने ते प्रमाणपत्र धोक्यात येईल अशी त्याला भीती वाटते. ही भीती अनेक घरांत असणार, म्हणून स्पष्ट लिहिते: 1948 च्या जनगणना कायद्याच्या 15 व्या कलमाप्रमाणे कोणाही व्यक्तीची माहिती उघड करता येत नाही, ती दुसऱ्या कोणाला पाहता येत नाही आणि पुरावा म्हणून न्यायालयात वापरता येत नाही. जातीचे प्रमाणपत्र व त्याची पडताळणी हे सर्वस्वी वेगळे खाते. खानेसुमारीत खरे बोलल्याने कोणाचे काही जात नाही. (याच कायद्याच्या 8 व्या कलमात एक मजेची तरतूद आहे: पतीचे नाव घेण्याची रीत नसेल तर ते सांगण्यास स्त्री बांधील नाही. 1948 च्या कायदेपंडितांनी नाव न घेण्याच्या रिवाजाची एवढी बूज राखली. आईची जात सांगण्याचा रिवाज नाही, त्याचीही कोणी राखावी.)

आपले काही प्राध्यापक, ज्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणतात की हा रकानाच कोरा ठेवावा. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये निर्वाळा दिला आहे, की आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा नागरिकाला हक्क आहे. मग जातीच्या बाबतीत तेच का करू नये? 2011 साली सुमारे 29 लाख लोकांच्या धर्माची नोंद झालेली नाही, त्यात भर पडू द्या. सरांचा हेतू मी जाणते. पण जात नाही असे लिहिणे त्यालाच परवडते ज्याची जात त्याला रोज कोणी आठवून देत नाही. माझ्या आईला खारेपाटातल्या घरात पहिली तीन वर्षे पाण्याच्या हंड्याला हात लावू देत नव्हते. आजी पुढे बदलली, शेवटच्या आजारात तिने आईखेरीज कोणाच्या हातचे घेतले नाही, ही गोष्ट निराळी. ती तीन वर्षे मी ‘जात नाही’ या दोन शब्दांनी पुसून टाकू काय ? कोरा रकाना ही सुद्धा एक विस्मृतीच आहे, बेने इस्रायलांच्या त्या पणज्यांसारखी.

दुसऱ्या बाजूचे म्हणतात, दोन दोन जाती लिहू दिल्या तर मोजणीचा बोजवारा उडेल. 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेत लोकांनी सांगेल ते लिहून घेतले आणि जातींची नावे निघाली 46 लाख 73 हजार. 1931 साली ती होती 4,147. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावत नाही. आडनावे, पोटजाती, गोत्रे, स्पेलिंगच्या चुका, सगळ्यांची स्वतंत्र जात झाली. पण यातून निघते ते एवढेच, की नावांची यादी नीट हवी. त्या यादीतून एकाऐवजी दोन नावे निवडण्याची सोय ठेवणे हे आजच्या यंत्रयुगात अवघड नाही. मातृभाषा आणि आणखी दोन भाषा लिहून घेणाऱ्या खात्याला तर मुळीच नाही. आईची जात एका घरात, बापाची दुसऱ्या. ज्यांची एकच ते दोन्हीकडे तीच लिहितील. मग निदान एवढे तरी कळेल, की बाबासाहेबांनी 1936 साली जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून जो मिश्रविवाह सांगितला, त्याची गेल्या नव्वद वर्षांत प्रगती किती झाली. आपले राज्य सरकार अशा विवाहासाठी जोडप्याला पन्नास हजार रुपये प्रोत्साहन देते. लग्नाला अनुदान द्यायचे आणि त्या लग्नाच्या मुलाला विचारायचे, ‘यातले एक कोणते ?’ हा कारभार मला विसंगत वाटतो.

तोवर माझे काय ? गणकाने एकच उत्तर घेतले तर मी धर्म बौद्ध आणि जात आईची सांगणार आहे. वडिलांवरचे प्रेम यात कमी नाही. आगरी असल्याचा मला अभिमान आहे, मिठागरात राबलेल्या माणसांची मी नात आहे. पण आगऱ्यांच्या मोजणीत मी गळाले तर कोणाला चुकल्यासारखे होणार नाही. आईकडच्या बाजूला मात्र माझ्यासारखी प्रत्येक मुलगी आपोआप बापाच्या खात्यात जमा होत राहिली आहे, आणि ती गेली याची नोंदही कुठे नाही. भाऊ आगरी लिहवणार. एकाच आईबापाची दोन मुले दोन जातींची दिसतील. गणक गोंधळेल, पण सूचनेप्रमाणे त्याने ज्याचे उत्तर त्याच्या ओळीत लिहायचे असते, घरातल्या कर्त्याचे सगळ्यांना चिकटवायचे नसते. वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘तू लिहव. फक्त तुझ्या आत्याला आधी मी सांगतो.’’

राहता राहिली आई. लग्नाने स्त्रीची जन्माची जात बदलत नाही, असे न्यायालयांनी सांगून ठेवले असले तरी खारेपाटातल्या आमच्या भावकीने तिला केव्हाच आगरी करून टाकले आहे, आणि हे त्यांच्या लेखी औदार्य आहे. तिच्या ओळीत काय लिहवायचे याविषयी आत्याने, मामाने आणि भावाने तिला तीन वेगवेगळे सल्ले दिले. तिने तिघांनाही चहा दिला. 1961 सालच्या आपल्या आजोबांची गोष्ट तिनेच मला सांगितलेली, त्यामुळे मी तिला काही विचारले नाही.